भावोजींचा राखेचा कोबा

सुमनचा फोन आला तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. सुमन माझी थोरली बहीण. "मालू, हे गेले गो," एवढं म्हणाली आणि मग नुसतं रडणं ऐकू येत राहिलं. बहिणीचा नवरा गेल्याचं कळल्यावर माणूस काय विचारतो? कधी गेले, जवळ कोण होतं, तू जेवलीस का... मी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "आईशी बोलले का ते?" पलीकडचं रडणं क्षणभर थांबलं. "नाय. काय बोलायचं होतं?" मी म्हटलं, "काही नाही, निघते मी." फोन ठेवला आणि मला रडू आलं नाही, राग आला. इतका की तांदळाचं सूप तसंच ठेवून मी चपला घालून निघाले आणि एसटीत बसल्यावर आठवलं, दाराला नुसती कडी घातली आहे, कुलूप घरातच राहिलं.

आता त्याला काही आठवडे झाले. या पुरवणीचं काम पाहणारे गृहस्थ आमच्या ओळखीचे. ते म्हणाले, तुमच्या भावोजींवर लिहा. कारखान्यांनी फेकलेल्या राखेतून सिमेंट करणारा माणूस आपल्या शहापूर-मुरबाडकडचा होता, हे लोकांना कळायला हवं. मी म्हटलं, लिहीन, पण गोड लिहिणार नाही. ते हसले. त्यांना वाटलं मेहुणी आहे, थट्टा करतेय. मेहुणीला भावोजींना बोलायचा हक्क असतो हे खरं, आणि तो मी त्यांच्या हयातीत पुरेपूर वापरला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं म्हणतात. पण जिवंत माणसाबद्दल मेलेला माणूस वाईट बोलून गेला असेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. तो जिवंत माणूस म्हणजे माझी आई.

प्रभाकर भावोजी खर्डीचे. बी.एस्सी. झालेले, वाशिंदच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. नव्वद साल नुकतंच लागलं असेल, तेव्हा ते मामांना घेऊन सुमनला बघायला आमच्याकडं आले. आमचं गाव टोकावड्याच्या अलीकडं, आणि आमची बौद्धवस्ती त्या गावाच्याही कडेला. आईनं पोहे केले, सुमन मान खाली घालून बशा घेऊन आली, आणि भावोजी बघत होते भिंतीकडं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, गिलावा थोडा खरवडला, बोटावर आलेली भुकटी जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाले, "वाळू खारट हाय, नि सिमेंट कमी टाकलंय." वडील गेल्यावर आईनं दुसऱ्यांच्या शेतांवर मजुरी करून ती भिंत उभी केली होती. गवंड्यानं रचली, पण तिच्यावर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी आईनंच मारलं होतं. ती एवढंच म्हणाली, "असंल जावयबापू. आमाला काय कळतंय." अजून होकार-नकार काही नव्हता आणि ही जावयबापू म्हणून मोकळी झाली होती. "मुलगी बघायला आले नि भिंत बघून गेले," हे मी पुढं घरच्या प्रत्येक लग्नात ऐकवलं. सगळे हसायचे, भावोजी सोडून. त्यांना थट्टा आवडायची, फक्त ती दुसऱ्याची हवी.

त्यांच्या कारखान्यात बॉयलर होता. बॉयलर दगडी कोळशावर चालायचा आणि त्याची राख मागच्या नाल्यापाशी टाकायचे. तिचा डोंगर झाला होता. वारा सुटला की आसपासच्या घरांच्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे करडे व्हायचे. लोक शिव्या घालायचे आणि कारखानेवाले ती राख उचलून दुसऱ्या कुणाच्या तरी बांधावर टाकायचे. भावोजींच्या डोक्यात ही राख शिरली ती लग्नानंतर. त्यांनी मला समजावलं होतं ते माझ्या लक्षात आहे, कारण माणूस म्हणून ते कसेही असले तरी शिकवायचे छान. "सिमेंट म्हणजे काय गं मालू? दगडमाती भट्टीत भाजायची नि दळायची. आता ही राख बघ. ही भट्टीतून भाजूनच आली हाय. हिला परत भाजायचं काय काम? ही झोपलीय फक्त. हिला जागं करायचं." जागं करायचं औषध म्हणजे कॉस्टिक सोडा, तोही त्यांच्याच कारखान्यात वापरून झालेला, आणि त्यात साबणवाले घालतात ते सिलिकेट. कधी भट्टीत वितळलेल्या लोखंडावर तरंगणारा मळ, ज्याला तिथले कामगार स्लॅग म्हणतात, तो कुटून घालायचे. एकूण काय, जे जे कारखान्यांनी फेकून दिलं ते ते आमच्या सुमनच्या परसात येऊन पडलं.

आणि सुमनच्या हातांवर पडलं. मी तेव्हा मुरबाडला टेलिफोनमध्ये नोकरीला लागले होते, सुट्टीला खर्डीला जायचे. एकदा गेले तर तिच्या बोटांची सालं निघालेली. भावोजींनी तिला मिश्रण ढवळायला बसवलं होतं आणि रबरी हातमोजे होते ते त्यांच्या स्वतःच्या हातात. मी विचारलं तर म्हणाले, "कॉस्टिकला हात लावायचा नसतो हे कुणालाबी कळतं." म्हटलं, "तिला सांगितलं होतं का?" म्हणाले, "सांगायला कशाला लागतंय?" हा त्यांचा स्वभाव. स्वतःला माहीत असलेली गोष्ट जगाला आईच्या पोटातूनच माहीत असते, आणि नसली तर तो जगाचा अडाणीपणा. अडाणी हा शब्द त्यांच्या तोंडात विडीसारखा कायम असायचा. गवंडी अडाणी, शहापूरचे इंजिनिअर अडाणी, सिमेंट विकत घेणारे तर महाअडाणी. सुमन बोटांना खोबरेल लावायची.

पण ते सिमेंट व्हायचं, हे मी कबूल करते. राग आहे म्हणून खोटं लिहिणार नाही. परसात त्यांनी धुणं धुवायला ओटा केला होता, तो मी स्वतः दगडानं ठोकून पाहिला. दगडाची कपची उडाली, ओट्याला काही झालं नाही. कितीतरी उन्हाळे-पावसाळे त्यावर सुमननं कपडे आपटले. बाहेरचं एक पोतंही सिमेंट नाही, दुकानदाराचं तोंड पाहायला नको, नाल्यावरची घाण उचलली जाणार. त्यांच्या कारखान्याच्या साहेबांनी हसून वाटेला लावलं होतं, तरी हा माणूस कामावरून आल्यावर राख चाळत बसायचा. त्या वेळी मला त्यांचा अभिमान वाटत होता. तो अभिमान वाटला याचाही मला आता राग येतो.

आमच्या वस्तीत विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड आणि खाली शेणानं सारवलेली जमीन होती. ती सारवायची माझी आई. वंदनेला सगळ्यांच्या आधी जायची, सतरंजी झटकायची, मूर्तीपुढची मेणबत्ती तिनंच लावायची असा वस्तीचा अलिखित नियमच होता. पुढं दोन हजार साल उलटल्यावर वस्तीनं ठरवलं, पक्कं विहार बांधायचं. भिंती कशाबशा उभ्या राहिल्या आणि खालचा कोबा नि मूर्तीचा चौथरा करायला पैसा उरला नाही. तेव्हा भावोजी उभे राहिले. कोबा मी करून देतो म्हणाले, सिमेंटचं एक पोतंही विकत आणायचं नाही. "आपल्याला गावानं कडेला टाकलं, ही राख पण कारखान्यानं कडेला टाकलीय. कडेला टाकलेल्यांचं विहार कडेला टाकलेल्या राखेवर उभं राहील." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आई तर पदरानं डोळे पुसत होती, आपला जावई बोलतोय म्हणून. टाळ्यांनी राख घट्ट होत नाही, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वैशाखी पौर्णिमेला विहार खुलं करायचं होतं. त्याच्या आधी, ऐन उन्हाळ्यात, भावोजी टेम्पोतून राखेची पोती आणि कॉस्टिकचे कॅन घेऊन आले. धर्मा गवंडी आमच्याच वस्तीतला, हात सोन्यासारखा. त्यानं रंधा मारून असा कोबा केला की त्यात तोंड दिसावं. काम संपलं, भावोजींनी वर प्लास्टिक अंथरायला लावलं आणि स्कूटरला किक मारता मारता धर्माला म्हणाले, "ह्याला पाणी मारायचं नाय. झाकून ठेव, ऊन लागू दे." बस्स. एवढंच, आणि एवढ्याच एका माणसाला. दुसऱ्या दिवशी धर्मा मुरबाडला दुसऱ्या कामावर गेला.

आता ज्यांनी आमच्याकडं घर बांधलं आहे त्यांना हे सांगायला नको, पण भावोजींना सांगायला हवं होतं. गवंडी काम करतो आणि जातो. पाणी मारायचं काम घरातल्या बायकांचं. ते गवंड्यानं सांगायचं नसतं आणि बायकांनी विचारायचं नसतं. नवं बांधकाम आणि लहान मूल, दोन्हींना पाणी कुणी पाजायचं हे ठरलेलंच असतं. भावोजींनी आयुष्यभर भिंती खरवडल्या, पण एकाही भिंतीला कधी तांब्याभर पाणी मारलं नव्हतं, म्हणून ते काम कोण करतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि आमच्या बायकांनी काय केलं? चैत्र-वैशाखात आमच्या विहिरी तळाला जातात. नदीच्या वाळूत खड्डा करायचा, पाझर साचायची वाट बघायची आणि वाटीनं हंडा भरायचा. त्या पाण्यातलं पाणी काढून वस्तीतल्या बायकांनी विहाराला घातलं. आईनं पाळ्या लावल्या होत्या. पहाटे प्लास्टिक उचलायचं, पाणी मारायचं, परत झाकायचं, संध्याकाळी पुन्हा. मी रविवारी गेले तेव्हा ती म्हणाली, "आंघोळ एक दिसाआड केली तरी चालतंय गो. विहाराचा कोबा तडकाया नको." मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही. सिमेंटला पाणी मारायचं नाही असं कुणाच्या बापजन्मात ऐकलं आहे?

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी भावोजी आले. वस्ती सजलेली, पताका लागलेल्या, पांढऱ्या साड्या धुऊन वाळत घातलेल्या. त्यांनी प्लास्टिक ओढलं. कोब्यावर मिठासारखी पांढरी बुरशी फुटली होती. खाली वाकून त्यांनी किल्ली ओढली आणि चर पडला, ओल्या मातीत पडावा तसा. "पाणी कोणी मारलं?" त्यांनी विचारलं. आणि माझी आई, तिला वाटलं जावई कौतुकानं विचारतोय, पदर सावरून पुढं झाली. "आमीच सगल्या बायांनी. रोज दोन टाइम मारलं, जावयबापू. एक दिस खाडा नाय केला."

ते जे बोलले ते मी इथं सगळं लिहीत नाही. शिव्या नव्हत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते शांतपणे, सगळ्या वस्तीसमोर म्हणाले, "अडाणी बायांच्या हातात विहार दिलं की हेच व्हायचं. तुमी पाणी नाय मारलं, विहार मारलंत." धर्मा मधे बोलायला गेला, "मीच सांगाया इसरलो..." तर त्यालाही गप्प केलं. सुमन दाराशी उभी होती, ती जमिनीकडं बघत राहिली. मी बोलले, भरपूर बोलले, पण माझ्याकडं कोण बघतंय? सगळे आईकडं बघत होते. तिनं हातातली कळशी खाली ठेवली आणि घरी गेली.

पुढं वस्तीनं वर्गणी काढून साधा कोबा करून घेतला. त्याला पाणी मारायला मात्र एकही बाई गेली नाही. टोकावड्याहून माणूस लावला. आईनं विहारात पाऊल टाकणं बंद केलं. वंदना घरात म्हणायची, मेणबत्ती घरात लावायची. आणि वस्तीला एक नवी म्हण मिळाली. कुणाचं काही बिघडलं, भात करपला, पोरगा नापास झाला, की म्हणायचे, "काय रे, ताराकाकूनं पानी मारलं का?" ताराकाकू म्हणजे माझी आई. लोक वाईट नव्हते, हसण्यावारी न्यायचे. आईही हसायची. पण नातवंडांच्या तोंडून एकदा ते ऐकलं आणि ती चुलीपुढून उठून मागं गोठ्यात जाऊन बसली होती, ते मी पाहिलं आहे.

त्या बाजूला भावोजींचं नाव मात्र होत गेलं. कुठं शाळेचं कुंपण, कुठं गोठ्याची गव्हाण, राखेचे ठोकळे करून द्यायचे आणि ते टिकायचे. मुंबईहून कॉलेजची मुलं बघायला यायची, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. आणि प्रत्येक ठिकाणी ते आमच्या विहाराची गोष्ट सांगायचे. "रसायन कितीपण चांगलं असू द्या, अडाणीपणापुढं टिकत नाय. आमच्या सासूबाईंनी..." हशा. नाचता येईना आणि अंगण वाकडं, हे मी तेव्हा नुसतं चिडून म्हणायचे. ते शब्दशः खरं निघेल असं मला वाटलं नव्हतं.

यंदा पावसाळा सरता सरता त्यांची छाती भरली. शहापूरला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा सुमन चहा आणायला खाली गेली होती. नाकाला नळी, आणि तरी उजव्या हाताचं नख कॉटशेजारची भिंत खरवडत होतं. मी म्हटलं, "झालं का भिंतीचं निदान?" पहिल्यांदाच ते माझ्या थट्टेवर हसले. मग म्हणाले, "मालू, ते पाण्यानं नव्हतं."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "विहाराचा कोबा. पाण्यानं वरचा थर गेला असता, पण तो बुडापर्यंत भुसभुशीत होता. राखच मेलेली होती. त्या उन्हाळ्यात बॉयलरला कोळसा नव्हता, भाताचं तूस नि लाकूड जाळत होते. तिच्यात जागं व्हायला काय नव्हतंच." मी विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?" म्हणाले, "शंका त्याच दिवशी आली होती. मग घरी त्याच राखेच्या दोन लाद्या करून पाहिल्या. पाणी मारून नि न मारता. दोन्ही फुटल्या." मी म्हटलं, "म्हणजे एवढी वर्षं..." ते छताकडं बघत म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, राखेचा काय भरवसा नाय. सगळं तिथंच संपलं असतं. बायांवर गेलं, तर सिमेंट वाचलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच न्यायाधीश होता. मी उठले. म्हटलं, आत्ता जाऊन आईला सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं, ताकद नव्हती त्या हातात. "नको. मीच सांगतो. घरी सोडलं की पहिला तिकडंच येतो. माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना." मी मान्य केलं, कारण तेच बरोबर होतं. आईला ते माझ्याकडून कळणं आणि त्यांच्याकडून कळणं यात फरक होता. मग त्यांना घरी सोडलं. खर्डीला आणलं. आई त्यांना बघायला गेली, त्यांच्या पायथ्याशी दिवसभर बसली, पेज भरवली. ते पेजेला मीठ कमी आहे एवढंच तिच्याशी बोलले. आणि गेले. म्हणून मी फोनवर सुमनला ते विचारलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्या वस्तीतच ठेवला, त्याच विहारात, कारण वस्तीला वाटत होतं हा आपला शास्त्रज्ञ. पांढऱ्या फुलांचा हार घातलेला फोटो. आई आली, पण आत नाही, दाराबाहेर पायरीवर बसली. एकामागून एक माणसं उठून चांगलं बोलत होती आणि मी ओठ आवळून बसले होते. मग विहार कमिटीचे अध्यक्ष उठले. त्यांना वाटलं वातावरण फार जड झालंय, जरा हलकं करावं. म्हणाले, "प्रभाकररावांनी या विहाराला फुकटात कोबा करून दिला होता, पण आपल्या ताराकाकूंनी..." आणि लोक हसले, रडता रडता हसतात तसं, प्रेमानं.

मी उभी राहिले आणि दवाखान्यात ऐकलेलं सगळं सांगितलं. तूस, लाकूड, मेलेली राख, दोन्ही लाद्या फुटल्या ते. माझा आवाज चढला असेल. कुणीतरी म्हणालं, "मालूताई, हा येळ हाय का?" दुसरा म्हणाला, "माणूस गेल्यावर कायपण सांगतील, त्याला इचाराया कोन जाणार?" सुमन फोटोजवळ बसली होती. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं म्हणाली, "माझ्या माणसाला मेल्यावर पण सोडलं नायस तू." मला वाटलं, बहीणही गेली. मी खाली बसले.

 मग सुमनच बोलली, कुणाकडं न बघता, स्वतःशी आठवत असल्यासारखी. "दोन लाद्या केल्या होत्या... विहाराचं झालं त्याच्या मागनं. परसात. एकीवर खूण केली होती. मला म्हणाले, हिच्यावर रोज पानी मार, दुसरीला हात लावू नको. मी इचारलं नाय कशाला ते. मी मारलं पानी. मग एक दिस ह्यांनी दोनी उचलून आपटल्या, दोनीचा भुगा झाला. ह्यांनी भुगा नाल्यात टाकला नि मला म्हणाले, घरात कुनाला बोलू नको. मी म्हटलं, ह्यात बोलायचं काय हाय..."  तिनं दाराकडं बघितलं. "आये, मला तवा कळलं नाय गो."

आई पायरीवर होती तिथंच होती.  रडली नाही, कपाळावर हात मारला नाही. वस्तीतल्या ज्या बायका त्या उन्हाळ्यात तिच्याबरोबर हंडे वाहत होत्या, त्यातली एकेक उठली आणि बाहेर पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसली. अध्यक्ष फोटोसमोर तसेच उभे. भन्तेजींनी मग गाथा सुरू केल्या, त्यामुळे सगळे सुटले.

आता ज्या ओट्यामुळे मला हे लिहायचं आहे तो ओटा. कमिटीनं आधीच ठरवलं होतं की विहाराच्या दारापाशी भावोजींच्या नावानं बसायला ओटा बांधायचा. जे झालं त्यानंतर ठराव फिरवायला कुणाची जीभ रेटेना, आणि मीही म्हटलं, बांधा. ओटा बांधला दुकानातल्या सिमेंटचा. राखेचं करायचं कुणाला नीट येतच नाही. कुठली राख जिवंत, कुठली मेलेली, हे त्यांनी एकाही माणसाला शिकवलं नाही. सगळं स्वतःबरोबर घेऊन गेले, अडाण्यांना कशाला सांगायचं म्हणून. धर्मा आता थकलाय, तरी त्यानंच हा ओटा रचला आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं त्यांचं नाव कोरलं. मग थापी धुता धुता त्यानं विचारलं, "पानी कोन मारनार ह्याला? मानूस सांगायचा का?"  आई घरात गेली आणि कळशी घेऊन आली.

मला ते बघवलं नाही. मी म्हटलं, "आई, राहू दे. त्यांच्यासाठी तू कशाला?" तिनं माझ्याकडं लक्ष दिलं नाही. ओंजळीनं कडा भिजवल्या, मग बैठक, मग त्यांचं नाव. कोरलेल्या अक्षरांत पाणी भरलं तसं ते आणखीच ठळक दिसायला लागलं.

मी अजून त्यांना माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटत नाही. सुमन माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. विहारात आईनं पुन्हा मेणबत्ती लावावी म्हणून अध्यक्ष स्वतः घरी येऊन गेले. ती बघू म्हणाली. पण ओट्यावर ती रोज जाते, सकाळी आणि संध्याकाळी. धर्मानं केव्हाच सांगितलं, काकू, पुरे आता, दगड झाला त्याचा. तरी ती जाते. गेल्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले आणि विचारलं, "अगं, किती दिवस पाणी मारणार आहेस?"

तिनं रिकामी कळशी ओट्यावर उपडी ठेवली, त्यांच्या नावाशेजारी, आणि म्हणाली, "त्यांना कळंस्तवर."